पीटीच्या तासाला मुली कडेला का बसतात? व्यायाम, बैठी सवय आणि देहप्रतिमा यांचं नातं

सहावीपर्यंत संध्याकाळी हाका मारून मारून घरी आणावी लागणारी मुलगी आठवीत गेल्यावर अचानक खेळायला जाणं बंद करते. विचारलं तर म्हणते, "कंटाळा येतो." पीटीच्या तासाला पोट दुखतंय असं सांगून ती झाडाखाली बसते. घरचे म्हणतात, मोबाईलने आळशी केली. दोन वर्षांनी तीच मुलगी खोलीचं दार लावून "सात दिवसांत पोट कमी करा" छापाचे व्हिडिओ बघत व्यायाम सुरू करते आणि चौथ्या दिवशी सोडून देते.

हा नुसता आळस आहे का? किशोरवयीन मुलांच्या हालचालीवरचं संशोधन वेगळं काही सांगतं. मैदान सोडण्यामागे पुष्कळदा आळस नसतो, आपल्या शरीराकडे कोणीतरी बघतंय ही जाणीव असते. शरीराची लाज वाटली की मुलं व्यायामाला लागतील असं मोठ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तीच लाज त्यांना मैदानापासून लांब नेते.

मुलांना किती हालचाल लागते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करायला हवी. मध्यम म्हणजे धाप लागते पण बोलता येतं अशी: भरभर चालणं, सायकल चालवणं. जोरदार म्हणजे दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत अशी: धावणं, कबड्डी, खो-खो, दोरीच्या उड्या. आठवड्यातून किमान तीन दिवस जोरदार हालचाल आणि स्नायू-हाडं मजबूत करणारे व्यायाम असावेत, असंही या सूचना सांगतात.

हा तास सलग असण्याची गरज नाही. शाळेत चालत जाणं, मधल्या सुट्टीतली पकडापकडी आणि संध्याकाळची सायकल मिळूनही तो भरतो.

प्रत्यक्षात किती मुलं इतकं करतात? १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांची माहिती एकत्र करणारा अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात २०१६ साली जगातली ८१ टक्के मुलं या मापाला पुरी पडत नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७७.६ टक्के होतं आणि मुलींमध्ये ८४.७ टक्के. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा थोडा बरा.

भारत आणि बांगलादेशातला आकडा बरा का, याचं संशोधकांनी सुचवलेलं कारण बोलकं आहे. मुलगे गल्लीत, मोकळ्या जागेत क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात. म्हणजे मुलीच्या खात्यात जमा होणारी हालचाल पाणी भरण्याची आणि झाडलोटीची असू शकते. शरीराला तिचा उपयोग होतो. पण खेळातून मिळणारी मजा, मैत्रिणींची सोबत आणि "मला हे जमतं" ही भावना त्यातून मिळेलच असं नाही.

बैठी सवय म्हणजे व्यायामाचा अभावच ना?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं होऊन, अगदी कमी ऊर्जा खर्च होईल अशा स्थितीत घालवलेला वेळ म्हणजे बैठा वेळ. सकाळी एक तास कबड्डीचा सराव करणारा मुलगा नंतर शाळा, क्लास, अभ्यास आणि मोबाईल मिळून दहा तास बसू शकतो. तो सक्रियही आहे आणि बैठाही.

बैठ्या वेळातही फरक असतो. नववी-दहावीत क्लास आणि अभ्यासाचं बसणं टाळता येत नाही. म्हणून मार्गदर्शक सूचनांचा रोख प्रामुख्याने करमणुकीसाठी स्क्रीनसमोर जाणाऱ्या वेळेवर असतो. कॅनडाने २०१६ मध्ये मुलांसाठी चोवीस तासांची आखणी प्रसिद्ध केली. त्यात दिवसाला ६० मिनिटं हालचाल, करमणुकीची स्क्रीन जास्तीत जास्त दोन तास आणि १४ ते १७ वयासाठी ८ ते १० तास झोप असं गणित मांडलं आहे. झोप त्यात मुद्दाम घेतली आहे, कारण रात्री उशिरापर्यंतचा मोबाईल आधी झोप खातो आणि दुसऱ्या दिवशी खेळण्याची ताकद.

देहप्रतिमा म्हणजे काय?

आरशात दिसतं ते शरीर आणि मनात असलेलं शरीर ही दोन वेगळी असू शकतात. आपलं शरीर कसं आहे, कसं दिसतं, ते आपल्याला आवडतं की नाही, त्यामुळे आपण काय करतो आणि काय टाळतो, या सगळ्याला मिळून देहप्रतिमा म्हणतात. 'बॉडी इमेज' ही कल्पना मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली.

वजन आणि देहप्रतिमा यांचं नातं सरळ नाही. वजन योग्य असलेली मुलगी स्वतःला जाड समजू शकते आणि वजन जास्त असलेला मुलगा आपल्या शरीरावर खूश असू शकतो. त्यामुळे "तिला काय झालंय, ती तर बारीकच आहे" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

हा प्रश्न याच वयात का येतो?

वयात येताना शरीर झपाट्याने बदलतं. उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो. मुलींच्या शरीरात कंबर, मांड्या आणि छातीभोवती चरबी वाढते. ही वाढ नैसर्गिक आहे आणि पाळी नियमित राहण्यासाठी गरजेची आहे. मुलग्यांमध्ये खांदे रुंद होतात आणि स्नायू वाढतात, पण प्रत्येकाच्या वेळापत्रकात दोन-तीन वर्षांचा फरक पडू शकतो.

म्हणून एकाच वर्गात मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून लहान दिसणारा मुलगा शेजारी बसतात. लवकर वयात आलेली मुलगी आणि उशिरा वाढणारा मुलगा यांना वेगळेपण जास्त टोचतं. त्यात घरच्या कार्यक्रमात भेटणारे नातेवाईक "किती जाड झालीस गं" किंवा "घरी खायला देत नाहीत का रे?" असं सहज बोलून जातात. बोलणारा विसरतो, ऐकणारं मूल विसरत नाही.

नेमकं याच वयात हालचाल सुटण्याचा तोटाही मोठा असतो. उंची सर्वात वेगाने वाढते त्या दोनेक वर्षांत प्रौढ हाडांतल्या खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. उड्या, धावणं, वजन पेलणं यांमुळे हाडं घट्ट होतात. ही संधी पुन्हा येत नाही.

लाज मैदान कसं सोडायला लावते?

१९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी एक सिद्धान्त मांडला. मुलींच्या शरीराकडे सतत बघितलं जातं, त्यावर बोललं जातं. हळूहळू मुली स्वतःही आपल्या शरीराकडे बाहेरून, बघणाऱ्याच्या नजरेने बघायला शिकतात. मग शरीर हे काही करण्याचं साधन उरत नाही, दाखवण्याची वस्तू बनतं.

पुढच्या वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात विद्यार्थी-विद्यार्थिनींना एकेकट्याने खोलीत पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालून गणितं सोडवायला दिली. खोलीत बघणारं कोणी नव्हतं. तरीही पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी जमली. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. अर्धं लक्ष आपण कसे दिसतोय याकडे असेल तर उरलेल्या अर्ध्यात काम करावं लागतं.

हेच मैदानावर नेऊन बघावं. धावताना छाती हलेल का, टी-शर्ट वर जाईल का, ओढणी सुटेल का, पाळीचा डाग पडेल का, मुलं हसतील का, असे सगळे हिशेब डोक्यात चालू असताना चेंडू कसा पकडायचा? कडेला बसणं हा त्यातला सर्वात सोपा उपाय असतो. शाळेत कपडे बदलायला बंद जागा नसेल, स्वच्छतागृहात पाणी नसेल, तर तो उपाय शहाणपणाचाही ठरतो.

पोशाखाचा प्रश्न मोठ्या खेळाडूंनाही चुकलेला नाही. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने युरोपियन स्पर्धेत बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून संघाला १,५०० युरो दंड झाला. जगभर टीका झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला.

शिवाय आपल्याकडे व्यायामाला शिक्षेचा वास आहे. गृहपाठ केला नाही, काढ उठाबशा. उशीर झाला, मार मैदानाला पाच फेऱ्या. संघ निवडताना जाड मूल शेवटी उरतं आणि धावताना सर्वांत मागे राहिलं की त्याच्यावर हसतात. त्या मुलासाठी व्यायामाचा अर्थ तिथेच ठरून जातो.

स्क्रीनचा यात वाटा किती?

मैदान सोडलेला वेळ बहुधा स्क्रीनकडे जातो आणि स्क्रीनवर पुन्हा शरीरंच दिसतात. माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. पूर्वी ही तुलना वर्गातल्या चाळीस जणांशी व्हायची. आता ती निवडून, फिल्टर लावून, योग्य प्रकाशात काढलेल्या हजारो चेहऱ्यांशी होते.

सोशल मीडियाच्या आधीचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. फिजी बेटांच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथल्या परंपरेत भरलेलं शरीर चांगलं मानलं जायचं. अॅन बेकर आणि सहकाऱ्यांनी टीव्ही नुकताच आला तेव्हा आणि तीन वर्षांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयी बिघडलेली वृत्ती दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन कमी करण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी आधी नव्हती, नंतर हे प्रमाण ११.३ टक्के होतं. पाहणी लहान होती आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, त्यामुळे सगळा दोष टीव्हीला देता येत नाही. पण बाहेरून आलेली चित्रं सौंदर्याची कल्पना किती लवकर हलवू शकतात, याचं हे उदाहरण मानलं जातं.

२०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यांतल्या २०१९ च्या एका सादरीकरणात, दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची शरीराबद्दलची नाराजी इन्स्टाग्राममुळे वाढते, असा निष्कर्ष होता. आधीच नाराज असलेल्या मुलींबद्दलचा तो आकडा संदर्भ सोडून वापरला जातोय, असं कंपनीचं म्हणणं होतं.

"मग फिटनेसचे रील बघावेत, त्याने प्रेरणा मिळेल," असं कुणाला वाटेल. ऑस्ट्रेलियातल्या मारिका टिगेमन आणि मिया झकार्डो यांनी २०१५ मध्ये हेच तपासलं. काही विद्यार्थिनींना व्यायामाची प्रेरणा देणारी चित्रं दाखवली, काहींना प्रवासाची. व्यायामाची चित्रं पाहिलेल्या मुलींना प्रेरणा वाटली खरी, पण त्यांची मनःस्थिती बिघडली आणि शरीराबद्दलची नाराजी वाढली. कारण चित्रातली बाई काय करतेय यापेक्षा ती कशी दिसतेय, याच्याशी त्यांनी स्वतःची तुलना केली.

दिलासा देणारी बाजूही आहे. कॅनडात १७ ते २५ वयाच्या २२० तरुणांवर झालेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिंता किंवा नैराश्याची लक्षणं असलेल्या या तरुणांपैकी एका गटाने तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला साधारण एका तासावर आणला. स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल त्यांना आधीपेक्षा बरं वाटू लागलं. या काळात त्यांना वजन कमी करायला सांगितलं नव्हतं.

मुलग्यांचं काय?

मुलग्यांवरचा दबाव उलट्या दिशेचा असतो. "हडकुळा", "काडी पैलवान" ही नावं हसत घेतली जातात, पण लागतात. १९९७ मध्ये हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी पिळदार शरीर असूनही आपण किरकोळच आहोत असं वाटत राहण्याच्या विकाराला 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव दिलं. असे मुलगे तासन्‌तास जिममध्ये घालवतात, दुखापत असूनही थांबत नाहीत आणि एक दिवस चुकला तर अस्वस्थ होतात. बाहेरून ही शिस्त दिसते, म्हणून घरचे उलट कौतुक करतात.

इथूनच पावडरी आणि इंजेक्शनांची वाट सुरू होते. बहुतेक मुलांची प्रथिनांची गरज डाळ, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून भागू शकते. जिममध्ये कोणीतरी दिलेली स्टेरॉइड मात्र घातक असतात. वाढीच्या वयात त्यांच्यामुळे हाडांची टोकं वेळेआधी जुळून उंची थांबू शकते. मुरुम, स्तनांची वाढ, वृषणं आकसणं, यकृत आणि हृदयावर ताण हे धोकेही आहेत.

मग व्यायामाने देहप्रतिमा सुधारते की बिघडते?

दोन्ही होऊ शकतं. हेदर हाऊसेनब्लास आणि एलिझाबेथ फॉलन यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. व्यायाम करणाऱ्यांची देहप्रतिमा न करणाऱ्यांपेक्षा चांगली असल्याचं त्यांना दिसलं, पण फरक माफक होता. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट वारंवार दिसली आहे: शरीराबद्दल बरं वाटायला वजन उतरावंच लागतं असं नाही. पूर्वी दोन मिनिटांत धाप लागायची, आता पाच मिनिटं पळता येतं, हे कळण्यानेही फरक पडतो.

व्यायाम कशासाठी करतो, यावर बरंच अवलंबून असतं. मजा, ताकद, मैत्री, कौशल्य यांसाठी खेळणारं मूल टिकतं. फक्त पोट कमी करायला आलेलं मूल रोज आरशात निकाल बघतं आणि निकाल हळू लागतो म्हणून सोडून देतं.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

• शरीरावर शेरे नकोत, कौतुकाचेही जपून. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे वाक्य सांगतं की आधी छान दिसत नव्हतीस. त्याऐवजी "आज न थांबता टेकडी चढलीस" हे चांगलं.

• मोठ्यांनी स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलावं हेही महत्त्वाचं. "मी किती सुटलेय, आज जेवणारच नाही" हे मुलं ऐकत असतात.

• व्यायाम शिक्षा म्हणून देऊ नये. गप्पा, मोबाईल आणि खेळ यांना "वजनामुळे" बंदी-परवानगीचे नियमही लावू नयेत.

• पीटीचा पोशाख सैल, अपारदर्शक आणि मुलांच्या निवडीचा असावा. मुलींना व्यवस्थित बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि पाळीसाठीची सोय मिळाली तर अनेक बहाणे आपोआप संपतात.

• संघ निवडण्याचं काम मुलांवर सोडण्याऐवजी शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून करावं. लेझीम, दोरीच्या उड्या, नाच, सायकल, पोहणं, ट्रेकिंग यांत हार-जीत नसली तरी चालतं.

• खो-खोसारखा खेळ जवळजवळ बिनखर्चाचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मुलांना ओळखीच्या मैदानातून पुढे गेलेली अशी माणसं दाखवता येतात.

• मोबाईल पूर्ण काढून घेण्यापेक्षा फीड बदलणं सोपं असतं. ज्या खात्यांमुळे बघितल्यावर वाईट वाटतं ती अनफॉलो करावीत, "रस नाही" हे बटण वापरावं, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

• रीलमधला बीएमआय मुलांना लावू नये. प्रौढांचे आकडे वाढत्या वयाला चालत नाहीत. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसार तक्त्यावर बघतात. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने भारतीय मुलांसाठी २०१५ मध्ये सुधारित तक्ते प्रसिद्ध केले आहेत. आपल्याकडे काळजी फक्त लठ्ठपणाची नाही हेही ध्यानात ठेवायला हवं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं वयाच्या मानाने कृश होती, तर ५ टक्के जादा वजनाची.

डॉक्टरांकडे कधी जावं?

वजन झपाट्याने उतरणं, पाळी तीन महिने न येणं, चक्कर येणं, सगळ्यांसोबत जेवायला टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, आजारी असूनही व्यायाम न थांबवणं, तासन्‌तास आरशासमोर राहणं किंवा आरसा पूर्ण टाळणं, ही लक्षणं "वयच असं आहे" म्हणून सोडू नयेत. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ मदत करू शकतात. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.

झाडाखाली बसलेल्या मुलीला "ऊठ, जाड होशील" म्हटलं तर ती आणखी घट्ट बसते. तिला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: इथे काय बदललं तर तुला खेळावंसं वाटेल? उत्तर बहुधा साधं असतं. पोशाख, बाथरूम, एखादं टोपणनाव, एखादी सोबतीण. ते बदलणं मोठ्यांच्या हातात असतं.